मी सरळच होते

मी काठी बोलतेय. म्हातारपणी टेकायची नव्हे हं. पूलच्या टेबलावर पांढऱ्या बॉलला टोला देणारी. खेळाडू मला क्यू म्हणतात. क्यू म्हणा, काठी म्हणा, पण वाकडी म्हणू नका. त्या एका शब्दाने माझं आयुष्य नासवलं.

एका कातारी कामगाराने मला घडवलं. लाकूड तासता तासता तो थांबायचा, मला डोळ्यासमोर धरायचा आणि एक डोळा मिटून म्हणायचा, "सुतात आहे." मग टोकावर चामड्याची टिकली चिकटवली आणि मी दुकानात गेले.

तिथून मला दादाने घेतलं. आमच्या क्लबचा हिरो! हात खरंच चांगला होता त्याचा, उगाच खोटं का बोलू? पण जिंकला की 'बघा माझा हात', आणि हरला की एसीचा गारवा, टेबलाचं कापड, नाहीतर कुणाचं तरी खोकणं. त्याची धाकटी बहीण औषधांच्या दुकानात कामाला होती. ती त्याच्यासोबत यायची, बॉल त्रिकोणात लावायची, माझी टिकली घसरू नये म्हणून तिला खडू लावून द्यायची. एकदा तिने विचारलं, "दादा, मी खेळू?"

"तू आपली खडू लाव," दादा सगळ्यांसमोर म्हणाला. सगळे हसले. तीही हसली. पण खडू घासणारा तिचा हात मला कळत होता ना! टिकली झिजेल इतका जोर होता त्यात.

पुढे एका अंतिम सामन्यात दादाचा शेवटचा काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला. सोपा फटका होता, याने घाई केली. सामना गेला. आणि हा पठ्ठ्या मला वर धरून ओरडला, "काठीच वाकडी निघाली, मी काय करू?" मग मला कोपऱ्यातल्या क्लबच्या काठ्यांत भिरकावून दिलं.

तिथे माझे काय हाल झाले म्हणून सांगू! कुणी माझ्या टोकाने पाठ खाजवली, कुणी टेबलाखालची चप्पल ओढून काढली. दादाचा आवाज कानावर पडला की माझा तिळपापड व्हायचा.

एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत धाकटी एकटीच आली. तिने मला उचललं, टेबलावर आडवं ठेवलं आणि हळूच लोटलं. वाकडी काठी अशी लोटली की डुगडुगत जाते. मी न डुगडुगता घरंगळत गेले.

"सरळच तर आहे!" ती म्हणाली. "धडधडीत खोटं बोलला दादा."

त्या दिवसापासून आम्ही दोघी एक झालो. लोक म्हणतात, खेळाडूला खेळाचं प्रेम पुढे नेतं. नेत असेल. मी तिच्या मुठीत होते, मला विचारा. डबा न उघडता ती एकच फटका पुन्हा पुन्हा मारायची. पाठ अवघडली, कंटाळा आला की दात-ओठ खात पुटपुटायची, "तू आपली खडू लाव," आणि पुन्हा वाकायची. रागाने तिचा हात बिघडायचा नाही, उलट बसत जायचा.

शहराच्या संघात एकच जागा रिकामी होती. त्या जागेसाठी शेवटी भाऊ-बहीणच समोरासमोर आले. तिने त्याला धुऊन काढलं. तेवढ्यात दादाने मला ओळखलं.

"ही तर माझी काठी! हिच्यामुळे जिंकलीस तू."

"वाकडी होती ना रे?"

"असल्या काठीने कुणीही जिंकेल," दादा तोंड वर करून म्हणाला.

धाकटीने मला त्याच्या हातात दिलं आणि कोपऱ्यातली एक खरोखरच वाकडी काठी उचलली. "घे. पुन्हा खेळू. हरले तर संघातली जागा तुझी."

"अगं, वेडी की काय तू? जिंकलीस ना!" क्लबचा मालक ओरडत राहिला.

माझ्याभोवती पुन्हा तीच मूठ होती, आता घामाने ओली. मुद्दाम वाकणं मला जमत नाही. मी सरळच गेले. चुकला तो त्याचा हात. तिने त्या वाकड्या काठीचा कल बघून नेम धरला आणि काळा बॉल आत घातला. हरताना मला एवढा आनंद कधीच झाला नव्हता! दादाने सवयीने मला वर धरलं, तोंड उघडलं. सगळे बघत होते. मग त्याने मला हळूच खाली घेतलं.

आता धाकटी मला घेईल म्हणून मी वाट बघत होते. तिने पर्स खांद्याला लावली.

"ठेव दादा, तुझ्याकडेच. मला आता कुठलीही चालते."

कुठलीही? मला, कुठलीही?

हल्ली मी दादाच्या घरी मऊ कव्हरमध्ये असते. रोज कामाआधी तो मला घेऊन क्लबात जातो. चुकला तर कुणाला दोष देत नाही, ओठ आवळून बॉल पुन्हा जागेवर ठेवतो. संघातून ती परत येईलच कधीतरी, याच टेबलापाशी उभी राहील. दादा, उद्या जरा लवकर निघ. तिला हरवायचंय.