समुद्राची चतुःसीमा

कनेरगाव नाक्यावर माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, आणि माणसाच्या अकलेवरचा माझा विश्वास याच दुकानात बसून उडाला. आता हेच बघा.

ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका कंपनीनं गेल्या हिवाळ्यात सोडत काढली. बक्षीस काय, तर अंदमानातल्या एका बेटावर जोडप्यानं सहल. माझ्या दुकानातून दोन नंबर लागले, एक सोनाजीकाकाचा आणि दुसरा कोंडीबाकाकाचा. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात देवाला दुसरी दोन माणसं सापडली नाहीत.

हे दोघं साडू. सोनाजीकाकाची गोजरकाकू आणि कोंडीबाकाकाची कमलकाकू सख्ख्या बहिणी. गोजरकाकू आधी या गावात आली आणि तिनंच खटपट करून धाकटीला शेजारच्या घरात आणलं. का तर हळद एका कढईत शिजेल आणि म्हातारपण एका ओसरीवर जाईल. दोन्ही घरांची शेतंही लागून. मधे एक बांध. तो बांध नांगरटीच्या वेळी सोनाजीकाका या बाजूनं कोरतो आणि कोंडीबाकाका त्या बाजूनं. कोरून कोरून त्याची अशी गत झाली आहे की कोंबडीलाही त्यावरून जपून पाय टाकावा लागतो. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, आणि नुसतं त्यांचं नाही. बायकांनीही एकमेकींशी बोलायचं नाही, असा दोन्ही घरांतून हुकूम निघाला. वीतभर मातीसाठी सख्ख्या बहिणी तोडल्या, याचा मला आजही राग येतो.

तर त्या बेटावर दोन किनारे होते, एकमेकांना लागून. मधे खडकाचं एक नाक समुद्रात गेलेलं. नावं आमच्या तोंडात बसेनात म्हणून आम्ही त्यांना वरचं शिवार आणि खालचं शिवार म्हणू लागलो. दोन्हीकडे हॉटेलं ठरलेली होती. कोणाला कोणता किनारा हवा ते आठवड्याच्या आत कळवा, नाहीतर बक्षीस पुढच्या नंबरला जाईल, असं कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातल्या मंजुषा नावाच्या मुलीनं मला सांगितलं. बिचारीला वाटलं, एका फोनचं काम आहे.

त्याच दुपारी गोजरकाकू दुकानात आली. पालकाचं बी मागितलं, पिशवीत टाकलं, तरी जाईना. गिऱ्हाईक कमी झाल्यावर हळूच म्हणाली, "इजय, किनारा कोणता बी असू दे. कमल जिथं असंल तिथंच माझं नाव टाक. काकाला सांगू नको."

संध्याकाळी कमलकाकू आली. तिनंही पालकाचं बी मागितलं, आणि मग तिनंही तेच मागितलं. मला गलबलून आलं. या दोघींना एका वाळूवर बसवायचंच, असं मी तिथल्या तिथं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सोनाजीकाका चौकशीला आला. आमच्याकडे जमीन बघायची रीत ठरलेली आहे. आधी चतुःसीमा, मग उतार, मग पाणी. चारी बाजूंना कोण कोण आहे ते कळल्याशिवाय माणूस व्यवहाराला बसत नाही. त्यानं मला मंजुषाला फोन लावायला सांगितला आणि वरच्या शिवाराच्या पूर्वेला कोण, म्हणून विचारलं. ती म्हणाली, रस्ता. दक्षिणेला? दुसरा किनारा. उत्तरेला? नारळाची बाग. पश्चिमेला?

पश्चिमेला समुद्र आहे, असं तिनं सांगितलं.

"कुणाच्या नावावर हाय?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, सरकारच्या असेल.

"म्हंजे गायरान," काका खूश होऊन मला म्हणाला. गायरानाला लागून जमीन म्हणजे सोन्याहून पिवळं, दरसाल थोडं थोडं सरकता येतं. पण पुढे उताराचा विषय निघाला आणि गाडी अडली. पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा परत जातं, हे ऐकून काका तापला. दुसऱ्याचं पाणी रोज दोनदा वावरात शिरतं आणि तुम्ही अजून नाली खोदली नाही, म्हणून त्यानं त्या पोरीला झापलं. तिनं वरिष्ठांना कळवते म्हणून सांगितलं.

कोंडीबाकाका कसला मागे राहतो. त्यानं थेट आखाडा बाळापूरहून पानाड्या आणला. पानाड्या म्हणजे तळहातावर नारळ घेऊन जमिनीखालचं पाणी सांगणारा माणूस. माझ्या मोबाईलवर बेटाचा नकाशा काढून तो दुकानासमोर जमिनीवर ठेवला आणि पानाड्या नारळ घेऊन त्याच्याभोवती फिरला. नारळ ताठ उभा राहिला. दोन्ही शिवारांत भरपूर पाणी आहे, असं पानाड्यानं जाहीर केलं. खारं का गोडं, असं मी विचारलं, तर म्हणाला ते नारळाला कळत नाही. दक्षिणा घेतली आणि नारळही घेऊन गेला.

एवढं होऊनही निर्णय होईना. साडूनं कोणता घेतला ते आधी सांग, मग मी सांगतो, असं दोघांचंही म्हणणं. मग मी डोकं चालवलं. दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं की समोरच्यानं वरचं घेतलं. हिशोब असा की हट्टानं दोघंही खालचं घेतील आणि बहिणी एकत्र येतील. पण सोनाजीकाकाला संशय आला. वरचं घेतलं म्हणजे वरून पाणी खाली सोडायचा डाव असणार, म्हणून त्यानंही वरचंच मागितलं. कोंडीबाकाकाचंही डोकं त्याच घाण्याला जुंपलेलं, त्यानंही वरचंच मागितलं. म्हटलं, चला, कसंही का होईना, जमलं. तर संध्याकाळी चहाच्या टपरीवर दोघांना कळलं की आपण एकाच किनाऱ्यावर आहोत. लगेच दोघांनी मला स्वतंत्र फोन करून खालचं मागितलं. सकाळी परत वरचं. मी दरवेळी मंजुषाला कळवत होतो. शेवटी ती म्हणाली, "सर, या काकांची फारच मैत्री दिसते."

मुदतीच्या दिवशी खरं दुखणं बाहेर आलं. सोनाजीकाका येऊन म्हणाला की तो जाणारच नाही. बेटावर गेलं आणि इकडे साडूनं बांध कोरला तर? मी म्हणालो, अरे, तोही बेटावर येणार आहे. त्यावर काका म्हणाला, मग बांधाकडं बघायला कोण? अर्ध्या तासानं कोंडीबाकाका आला आणि शब्दाला शब्द हेच बोलला. मी कपाळावर हात मारला. बक्षीस जाणार होतं आणि दोघींना एकत्र बसवायचा माझा बेतही.

कोंडीबाकाका टपरीकडे वळला आणि सोनाजीकाका पुन्हा दुकानात डोकावला, तेवढ्यात गोजरकाकू आली. या वेळी कोथिंबिरीचं बी. नवरा ऐकतोय हे बघून ती माझ्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "वहिवाट पाडायला मालकच पायजे आसं थोडंच हाय. मी जाऊन बसते तिथं. कब्जा तर आपला राहील."

सोनाजीकाकानं विचार केला. वहिवाट हा शब्द आमच्याकडे मंत्रासारखा चालतो. जो जास्त दिवस बसला त्याची जमीन. त्याला ते पटलं. ही बातमी टपरीवर पोचली आणि तासाभरात कोंडीबाकाकानंही कमलकाकूला पाठवायचं नक्की केलं. अटी दोघांच्या सारख्या. बहिणीशी बोलायचं नाही, वेगळ्या डब्यात बसायचं आणि वेगळ्या किनाऱ्यावर उतरायचं.

आता कोण कोणत्या किनाऱ्यावर, ते कळवायचं होतं. मी कंटाळून फोन गोजरकाकूच्या हातात दिला. मंजुषानं विचारलं, "काकू, तुम्हाला कोणता किनारा हवा?"

काकूनं फोन कानावरून काढून न्याहाळला. मग म्हणाली, "मला इचारून राहिली का?"

"हो. तुम्हालाच."

या बाईला आजवर लुगड्याचा रंगसुद्धा कोणी विचारला नव्हता. तिनं पदर सावरला, एकदा नवऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "दोन्ही पाहून सांगते." मंजुषानं दोघींच्या नावापुढे तसंच लिहून घेतलं.

हिंगोली स्टेशनला मीच त्यांना सोडायला गेलो. साडू आले नाहीत, दोघंही बांधाच्या दोन बाजूंना खाटा टाकून पहाऱ्याला बसले होते. मी अटीप्रमाणे दोघींना वेगळ्या डब्यांत बसवलं. गाडी हलली तेव्हा कमलकाकूच्या जागेवर एक म्हातारा बसला होता, आणि गोजरकाकूच्या खिडकीत दोन तोंडं होती. मला एवढा आनंद झाला की मी गाडीबरोबर थोडा पळालोसुद्धा.

परतीची तारीख आली आणि गेली. मंजुषाचा फोन आला की काकूंनी तिकीट पुढे ढकलायला सांगितलं आणि तिनं ते ढकललं. मी मोबाईल घेऊन शेतात गेलो. दोन्ही खाटा जागच्या जागी. सोनाजीकाकाच्या चुलीवर करपलेली भाकरी आणि कोंडीबाकाकाच्या चुलीवर कच्ची. दोघांची तोंडं उतरलेली. मी सोनाजीकाकाच्या बाजूनं बांधाशी उभा राहून व्हिडिओ कॉल लावला. बघायला मिळावं म्हणून कोंडीबाकाकानं एक पाय बांधावरून अलीकडे टाकला, आणि सोनाजीकाकानं तो हटवायला सांगितलं नाही.

दोघी मधल्या खडकावर बसल्या होत्या. पाय पाण्यात, लुगडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, मांडीवर एकच ताट.

"काहून आली न्हाई?" सोनाजीकाकानं विचारलं.

"कसं येऊ?" गोजरकाकू म्हणाली. "किनारा कुठं ठरला अजून. सकाळी वरचा पाहतो, दुपारी खालचा. जमीन घाईनं घेऊ नये, तुमीच म्हणता न्हवं."

"मंग कवा ठरंल?"

तिनं कमलकाकूकडे बघितलं. कमलकाकू घास गिळून म्हणाली, "लय वर्सांचं बोलायचं राहिलंय, भाऊजी. ते झालं की ठरवतो."

मागे एक लाट आली आणि फोन बंद झाला. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते. कोंडीबाकाकाचा पाय अजून अलीकडेच होता. मग सोनाजीकाका माझ्याकडे तोंड करून, पण बांधापलीकडे ऐकू जाईल असं म्हणाला, "इजय, त्याला इचार, पिठलं येते का करता."