समोरचा हात

“बाई, टाका की आता!”

कॅचर वैष्णवी प्लेटमागून ओरडली, तरी कुंदाच्या डाव्या हातातला सॉफ्टबॉलचा पिवळा चेंडू सुटेना. पिचिंग मशीनची दोन्ही रबरी चाकं घुर्र करत फिरत होती. बॅट घेतलेल्या मुलीला चेंडू दिसावा म्हणून तो उंच धरायचा आणि मग नळीत सोडायचा; पुढचं काम चाकांचं. गेला महिनाभर ती हेच करत होती. पण आज बऱ्याच दिवसांनी शेफाली समोर उभी होती, आणि तिच्या ओठावरची टाक्यांची खूण हेल्मेटच्या जाळीतूनही दिसत होती.

कुंदाने पायाशी ठेवलेल्या स्टॅबिलायझरच्या काट्याकडे पाहिलं. काटा जागेवर होता. तिने पुन्हा एकदा पाहिलं. मग चेंडू सोडला.

चेंडू अगदी सरळ, कमरेच्या उंचीवर आला. शेफालीचा डावा पाय मात्र त्याआधीच बाहेर पळाला होता. बॅट हवेत फिरली.

“पाय, शेफाली!”

“मी न्हाई काढत बाई. त्यो आपसूक निघतो.”

कुंदाने मशीन बंद केलं. 

विंझरच्या या शाळेत कुंदा क्रीडाशिक्षिका होती. रोज भोरहून निघायचं, चेलाडी फाट्यावर गाडी बदलायची आणि प्रार्थनेच्या आधी शाळेत पोचायचं, यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. सॉफ्टबॉल या भागात तिनेच आणला. दरवर्षी मुली जिल्ह्याच्या स्पर्धेला जायच्या आणि पहिल्याच सामन्यात हरून यायच्या. समोरच्या शहरी संघाकडे उंच, तयारीची पिचर असायची. तिचा चेंडू आला कधी नि गेला कधी, हे यांना कळायचंही नाही. म्हणून यंदा कुंदाने पुण्यातल्या जुन्या मैत्रिणीच्या क्लबमधून हे मशीन महिना-दीड महिन्यासाठी मागून आणलं होतं. मुलींनी त्याचं नाव ठेवलं ‘तोफ’. आठवड्याभरात त्या वेगाला सरावल्या, आणि सगळ्यांत आधी सरावली ती शेफाली.

आणि मग तो दिवस आला. शाळेची वीज ज्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, त्याच डीपीवर आसपासच्या शेतांतले पंप. पंप एकदम बंद झाले, व्होल्टेज चढलं, चाकांनी वेग घेतला आणि कमरेला यायचा चेंडू शेफालीच्या तोंडावर आला. तेव्हा हेल्मेटला जाळी नव्हती. ओठाला टाके पडले, एक दात हलला. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, यंत्र आहे. त्यात तुमचा काय दोष?” कुंदाने मान डोलावली. त्या रात्रीपासून तिच्या डोळ्यांसमोरून तो चेंडू काही हलत नव्हता. जाळीची हेल्मेटं आली, स्टॅबिलायझर आला. धास्ती मात्र होती तिथेच होती.

मैदानाच्या कडेला शेफालीची आई, फुलाबाई बसली होती. भातकापणी सोडून आली होती ती. कुंदाला जवळ येताना पाहून ती उठून उभी राहिली.

“बाई, मी पष्टच बोलते. पोरगी झोपंत दचकून उठती, आन सकाळी उठली का तिला हितंच यायचं आसतं. नगं म्हनलं तर जेवत न्हाई. म्हून आनलं. पर आता पुन्यांदा लागलं, तर मैदानाचं नाव काढू द्यायची न्हाई.”

“कळतंय मला, फुलाबाई.”

“तुमी हाईसा म्हून धाडते.”

 शेफाली हेल्मेट काढून शेजारी येऊन उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, “बाई, तुमचा हात वर दिसतो, पन चेंडू येतो त्या नळीतनं. कवा सुटला ते कळतच न्हाई. मैथिलीच्या हातनं यील त्यो कळतो, पन तिचा लई हळू येतो.”

मैथिली म्हणजे शाळेची पिचर. तिचा चेंडू हळू होता हे खरंच. शहरातल्या त्या उंच मुलींच्या वेगाने चेंडू टाकणारं विंझरमध्ये एकच माणूस होतं, आणि ते माणूस आता आपला उजवा खांदा डाव्या हाताने दाबत उभं होतं.

कुंदा कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघाची पिचर होती. खालून गोल फिरणारा तिचा हात पाहायला लोक थांबायचे. पुढे खांद्यातला स्नायू फाटला. डॉक्टरांनी बजावलं होतं, “पुन्हा फाटला, तर हात वर जायचा नाही.” त्याला वर्षं लोटली. तेव्हापासून तिने मुलींना तोंडाने शिकवलं, डाव्या हाताने दाखवलं, पण उजव्या हाताने कधी चेंडू टाकला नव्हता.

खांद्यापेक्षाही तिला दुसरीच भीती होती. यंत्राच्या चेंडूला दोष द्यायला वीज होती, पंप होते. तिच्या हातून सुटलेला चेंडू लागला, तर तो फक्त तिचाच असणार होता.

“वैष्णवी,” ती म्हणाली, “मास्क नीट बांध. मी टाकते.”

शेफाली हेल्मेट घालून पुन्हा प्लेटजवळ उभी राहिली. पहिला चेंडू मध्येच आपटला. दुसरा वैष्णवीच्या डोक्यावरून थेट भाताच्या खाचरात गेला. मुली हसल्या, मग बाईंचा चेहरा बघून गप्प झाल्या. कुंदाच्या तळव्याला घाम सुटला होता. तिने हात साडीला पुसला, पदर खोचला आणि पुन्हा फिरवला. यावेळी तो जुना वेग आला. पण चेंडू सुटताना बोट घसरलं आणि तो आत वळला, सरळ शेफालीच्या अंगावर.

 फुलाबाई “आगं बया!” म्हणून पुढे धावली.

शेफालीने खांदा वळवला, अंग मागे घेतलं. चेंडू तिच्या पोटासमोरून गेला.

“दिसला!” ती ओरडली. “बाई, दिसला! तुमच्या हातातनं सुटतानाच दिसला!”

 कुंदाला तिथेच खाली बसावंसं वाटलं. पण शेफाली परत प्लेटजवळ जाऊन बॅट सावरून उभी राहिली होती, त्यामुळे बसता येईना. त्या सकाळी शेफालीने बरेच चेंडू सोडले, काही चुकवले. शेवटी एक बॅटच्या मधोमध बसला आणि शाळेच्या कौलांवर वाजला. डावा पाय जागचा हलला नव्हता.

स्पर्धेपर्यंत रोज सकाळी कुंदा एकेका मुलीला चेंडू टाकत राहिली. घरी नवरा मंदार तिच्या खांद्याला शेक द्यायचा. तो भोरच्या कोर्टात कारकून होता. भांडण करणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

“डॉक्टरांकडे जायचं का?”

“स्पर्धा झाल्यावर.”

“झाल्यावर उपयोग काय?”

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एखादा चेंडू कुणाच्या तरी तोंडावर जातोय, असं स्वप्नात दिसायचं. चेंडू मात्र दर वेळी तिच्याच हातून सुटलेला असायचा.

निघायच्या आदल्या सकाळी, वैष्णवीला शेवटचा चेंडू टाकताना, खांद्यात आत कुठेतरी जुनं कापड टरकावं तसं झालं.  चेंडू मात्र बरोबर प्लेटवरून गेला. मुलींनी सामान गोळा करेपर्यंत कुंदा पाठमोरी उभी राहिली.

सामन्याला फुलाबाईही मुलींबरोबर जीपमधून आली. समोर तसलीच उंच पिचर होती. पहिल्या खेपेला शेफाली बाद झाली, पण तिचे पाय जागेवर होते. कुंदा ते पाय सोडून दुसरं काही पाहतच नव्हती. दुसऱ्या खेपेला चेंडू आत आला आणि शेफालीच्या दंडावर फटकन बसला. आवाज पार बाहेरपर्यंत आला.  शेजारी फुलाबाई ताडकन उठली.

“शेफे! लागलं का गं?”

शेफाली दंड चोळत पहिल्या बेसकडे पळत सुटली होती. अंगाला चेंडू लागला की बॅटिंग करणाऱ्या मुलीला पहिला बेस मिळतो, हे फुलाबाईला कुठून माहीत असणार!

“बेस मिळाला, आये!” ती तिथून ओरडली. जाळीआड तिचे दात दिसत होते, हललेल्या दातासकट.

फुलाबाई उभीच राहिली. मग कुंदाकडे न बघता म्हणाली, “हसती का वो ही?”

“हसतेय,” कुंदा म्हणाली.

फुलाबाई खाली बसली.

सामना त्या हरल्या. पण शेवटच्या डावापर्यंत लढून हरल्या. तिसऱ्या खेपेला शेफालीने एक चेंडू लांब मारला आणि त्यावर एक रनही आला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. कुंदाने डाव्या हाताने मांडीवर थाप मारली. उजवा हात तिने पदरात गुंडाळून पोटाशी धरला होता.

डॉक्टरांनी खांदा तपासला. फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, “आता जेवढा आहे तेवढा सांभाळा.”

सोमवारी प्रार्थनेनंतर नेहमीप्रमाणे कवायत होती. कुंदा ओट्यावर उभी राहिली, शिट्टी फुंकली. सगळी शाळा रांगेत उभी होती, पाचवीतली पोरं पुढे, नववी-दहावी मागे.

“दोन्ही हात वर! एक!”

तिचा डावा हात सरळ आभाळाकडे गेला. उजवा खांद्याच्या रेषेत येऊन थांबला. तो त्याच्यावर जायचा नव्हता.

पाचवीतल्या पोरांनी बाईंकडे बघून तसंच केलं. डावा हात वर, उजवा आडवा. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. कुंदाने त्यांना दुरुस्त करायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची नजर मागच्या रांगेकडे गेली. शेफाली, वैष्णवी, मैथिली, सगळा संघ तिथे उभा होता. त्यांना ही कवायत चांगली पाठ होती.

त्यांचेही उजवे हात खांद्याच्या रेषेत थांबले होते, नजर सरळ समोर.



“दोन!” कुंदा म्हणाली.