रविवारचा विस्तव

मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे, मित्रांनो. झाकण वाकडं झालंय, कडी गंजलीय, पण एक रविवार काही केल्या विसरता येत नाही.

इंग्लंडातल्या एका लोहारानं मला घडवलं. आमच्या माणसांची प्रार्थनेची रीत तिथल्या राजाला खपेना, गावानंही त्यांना वाळीत टाकलं. म्हणून ती समुद्र ओलांडून या थंडगार किनाऱ्यावर आली. पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसं गेली. कुणाची चूल विझली की माझी मालकीण होपस्टिल मला निखाऱ्यांनी भरून तिकडे धावे.

"ही शेगडी नसती तर आपण केव्हाच गारठून मेलो असतो बाई!" शेजारीण टेम्परन्स म्हणायची. मी काय फुगून जायचे तेव्हा!

पुढे लाकडी घरं झाली, प्रार्थनाघर झालं आणि पंचही झाले. टेम्परन्सचा नवरा तापानं गेला, पदरात तान्ही मुलगी. पण बाई जिभेची तिखट! भर सभेत तिनं पंचांना विचारलं, "देवाचं बोलणं तुम्हालाच तेवढं कसं ऐकू येतं हो?"

झालं! तिला वाळीत टाकलं. ज्यांनी स्वतः ते भोगलं होतं, त्यांनीच.

एका रविवारी सकाळी, बाहेर गुडघाभर बर्फ, तिच्या धुराड्यातून धूर दिसेना. होपस्टिलनं मला भरलं. नवरा दारात आडवा आला.

"डोकं ठिकाणावर आहे का? उद्या आपल्याशीही कुणी बोलणार नाही."

"अहो, लेकरू गारठेल!"

"आज देवाचा वार. काम करायचं नाही, ओझं उचलायचं नाही. प्रार्थना उरकू दे, मग बघू."

ती थांबली. मला चुलीपाशी ठेवून गेली. प्रार्थना चार तास चालली. माझ्या पोटात निखारे धगधगत होते आणि मला पाय नव्हते.

परतल्यावर तिनं कुणाला विचारलं नाही. मला उचललं आणि धावत सुटली. टेम्परन्स उंबऱ्यावर बसली होती, गाठोडं छातीशी धरून.

"आणला गं विस्तव!"

"ठेव तिथेच," ती म्हणाली. "आता शेकायचं कुणाला?"

त्यानंतर होपस्टिल मला रोज भरून आपल्या दाराबाहेर ठेवू लागली, कुणालाही विस्तव नेता यावा म्हणून, रविवारीसुद्धा. पंच ओरडले, नवरा रुसला. ती ठेवतच राहिली.

आता मी काचेच्या कपाटात असते. लोक माझ्या घडणीचं कौतुक करतात. मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करू नका. शेजारच्या घरातून धूर दिसला नाही, तर आधी तिकडे जा. प्रार्थना नंतर करा.