पवळ्याची हुकलेली बारी

"आता सांगतो त्यावर तुमचा इस्वास बसायचा न्हाई, पावणं. बसूही नये," म्हणत लोणीच्या सावळारामनं बशीतला चहा ओढला. ओट्यावर बायको ठमाबाई लसूण सोलत होती.

गोष्ट यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीची, दोन हजार चारची. दोन मालकांनी एकेक बैल घालून गाडा पळवायचा, ही इकडची रीत. सावळारामचा पवळ्या, आळ्याच्या गेणभाऊचा सर्जा. पवळ्या थकलेला, घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, हे त्याचं शेवटचं पळणं. आदल्या साली बारीच्या, म्हणजे पळायच्या पाळीच्या, चिठ्ठ्यांवरून डोकी फुटलेली, म्हणून गावानं देवापुढं भंडारा उचलून शपथ घेतली होती: बारी पुकारील ती कॉम्प्युटरच, माणूस न्हाई.

कॉम्प्युटर इंदरचंद शेठच्या पोराचा, विपुलचा. प्रोग्रॅममध्ये त्यानं दोन मालकांच्या नावांमध्ये उभी रेघ मारलेली. रेघ म्हणजे 'दोघं मिळून'. यात्रेच्या तोंडावर पठ्ठ्यानं नावं शोधणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमचा आयता तुकडा, नवी आणून बसवली. नवीच्या लेखी तीच रेघ म्हणजे 'दोघांतला कुणीबी'. हे विपुलला उमगलं आठवड्यानं. त्या दिवशी एवढंच दिसलं, की सकाळी गेणभाऊची दुसऱ्या मालकाबरोबरची जोडी पळाली आणि गेणभाऊचं नाव दिसताच पवळ्याचीही बारी झाली म्हणून कॉम्प्युटरनं पुसून टाकली.

"आरं, बैल जुपलेला हुबा हाय माझा. न पळता बारी झाली कशी?"

"काका, मला दिसतंय हो. त्याला दिसत नाही."

"मंग ती नवी काढ, जुनी घाल परत."

"जुनीची सीडी पुण्यात राहिली."

पंचांनी नुसतं देवळाकडं बोट दाखवलं. भंडारा उचललेला, बोलणार कोण? दिवस मावळला की घाट बंद. ऊन टेकडीच्या माथ्यावर गेलं, तरी पवळ्या मानेवर जू घेऊन पुकाऱ्याच्या कर्ण्याकडं कान टवकारून उभाच.

सावळारामनं बशी खाली ठेवली.

"आन मंग, राव, पवळ्यानं हिसडा दिला. पुकारा नाय, गाड्याम्होरं पळायची ती घोडी नाय. सर्जाला घिऊन आसा सुटला, की वाऱ्यानं निशाण उलटं फडाकलं. बुडता दिवस बघायला थांबला."

पावणं पुढं सरकले. "मंग, नंबर?"

"पयला. दुसरा कुणाचा येतोय—"

ठमाबाईनं लसणाची पाकळी ताटात टाकली.

"जू मी उतारलं त्याचं. अंधार पडल्याव. तुमाला तर गाठ सुटंना. खोटं कशाला सांगता पावण्याला? पवळ्या पळालाच न्हाई."