कुंपणापलीकडचं खरकटं

मित्रांनो, विमान उतरताना ज्या काळ्या पट्टीवर त्याची चाकं टेकतात, ती धावपट्टी म्हणजे मी. आता म्हातारी झाले आहे. अंगावर डांबराची ठिगळं आहेत आणि टायरचे ओरखडे घासूनही जात नाहीत. त्यांची मला लाज नाही. लाज वाटते ती माझ्या शेजाऱ्यांची. लाज कसली, किळसच येते.

मला बांधलं ते लष्करासाठी. रोलरखाली दबून, उन्हात तापून मी घट्ट झाले. पुढे प्रवाशांची छोटी विमानंही माझ्यावर उतरू लागली, तेव्हा सगळ्यांनी माझं फार कौतुक केलं. मीही दोघांचा भार सारखाच पेलला, कधी आपपरभाव केला नाही.

पण माझ्या एका टोकापाशी दोघांची स्वयंपाकघरं, एक लष्कराचं आणि एक प्रवाशांच्या कॅन्टीनचं, पाठीला पाठ लावून उभी आहेत. मध्ये फक्त तारेचं कुंपण. साहेब तपासणीला आले की आपली बाजू चकचकीत दिसायला हवी, म्हणून लष्कराचा आचारी खरकट्याची बादली कुंपणावरून पलीकडे भिरकावतो आणि कॅन्टीनचा आचारी त्याची बादली अलीकडे. हा रोजचा नेम. कुणी विचारलंच तर दोघांचं उत्तर एकच, "घाण त्यांची आहे." आंबलेला भात, हाडं, जळकं तेल आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. प्रवासी विमानाच्या दारातच नाकाला रुमाल लावतात. घारींची मात्र चंगळ असते.

एका सकाळी कॅन्टीनच्या आचाऱ्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, "लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर झाला तर उजवी बाजू कायमची जाईल." रुग्णांना नेणारं छोटं विमान तयारच होतं. ते माझ्यावरून धावू लागलं. चाकं सुटणार, एवढ्यात उकिरड्यावरून एक घार उठली आणि थेट इंजिनावर आदळली. वैमानिक बाईंनी कसंबसं विमान माझ्या टोकावर थांबवलं. पिसं आणि रक्त माझ्या अंगावर पसरलं. दुसरं विमान येईपर्यंत दुपार टळून गेली.

तोवर कॅन्टीनचा आचारी काय करत होता? कुंपणाशी उभा राहून भांडत होता. "घार तुमच्या बाजूची होती."

पलीकडचा लष्कराचा आचारी म्हणाला, "आणि ती खात होती ते खरकटं कुणाचं?"

बाप स्ट्रेचरवर पडलेला आणि हे घारीची मालकी ठरवत होते. मला शिसारी आली.

म्हातारबाबा वाचले. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा मात्र गेली. आता ते चाकांच्या खुर्चीत कॅन्टीनच्या मागच्या दाराशी बसून असतात. परवा मुलगा नेहमीसारखा भरली बादली घेऊन कुंपणाकडे निघाला. बाबांनी डाव्या हाताने बादलीची कडी धरली.

"सोडा बाबा, अंगावर सांडेल."

बाबांनी सोडली नाही. ओढाताणीत सगळं खरकटं त्यांच्या मांडीवर सांडलं, तरी मूठ तशीच. मुलगा ओढायचा थांबला. मग खाली बसून, आपलं खरकटं आपल्याच हातांनी पुन्हा बादलीत भरू लागला.

मित्रांनो, आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकणारा कुणी दिसला, तर त्याची बादली धरा. म्हातारबाबांनी एका हाताने धरली. तुम्हाला तर दोन आहेत.