इरलेवालीचा दुसरा भाग

मित्रांनो, मी एक जुनं इरलं आहे. तुमच्यापैकी काहींनी मला मोबाइलवर पाहिलं असेल, आणि पाहून घरात पळालाही असाल. ‘इरलेवाली’ नावाच्या भुताच्या सिनेमात जे भूत आहे ना, ते मीच. हे सांगताना मला मान वर करवत नाही. मला मान नाही हा भाग वेगळा.

सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यातल्या एका लहान गावात कोंडूने मला विणलं. बांबूच्या कामट्यांची जाळी, त्यात पळसाची पानं, वर पुन्हा जाळी. डोक्यावर टोपीसारखं बसायचं आणि पाठीवरून खाली गुडघ्यापर्यंत उतरायचं. बाई वाकून भाताची रोपं लावते तेव्हा तिचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी राहते. हल्ली प्लास्टिकचे कागद निघाले आहेत. स्वस्त आहेत, हलके आहेत, आणि दर पावसात फाटतात. असो, माझं कोण ऐकतो!

कोंडूने मला बाईजासाठी विणलं. बाईजा एकटी राहते. नवरा वारला, मूलबाळ नाही, ओढ्याकाठी एक लहानसं भातशेत आहे. एका वर्षी माझी पाठ उसवली तेव्हा तिने आपल्या जुन्या लाल लुगड्याचा चौकोनी तुकडा तिथे शिवला. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज सगळ्याजणी एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. रांगेत वाकलेल्या बायांची तोंडं कुणाला दिसत नाहीत, दिसतात ती इरली. म्हणून ज्याचं त्याचं इरलं सगळ्या गावाला पाठ असतं. बांधावरून कुणी हाक मारायचं, “ए लाल ठिगळवाली, भाकर खायला ये गो!” की बाईजा कंबर सरळ करून हसायची. त्या हाकेचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

गावातला आदेश मुरबाडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्याला सिनेमे काढायचं वेड. दोन वर्षांपूर्वी पावसाच्या सुरुवातीला तो आणि त्याची चुलतबहीण नम्रता बाईजाच्या दारात आले.

“काकी, इरलं द्या ना जरा. पिच्चर काढतोय,” आदेश म्हणाला.

“ने की. फाडू नको फकत,” बाईजा म्हणाली. कसला सिनेमा, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

नम्रता माझ्याखाली शिरली आणि शेताडीतून वाकून चालू लागली. ती हाक मारणार आणि ज्याला ती हाक ऐकू येईल तो माणूस नाहीसा होणार, अशी गोष्ट होती. आता खरं सांगायचं तर सिनेमा अगदीच भिकार होता. भुताच्या पायात नम्रताचे कॉलेजचे बूट दिसत होते. रक्त म्हणून कुंकू कालवलं होतं ते पावसात गुलाबी झालं. पण माझं ठिगळ मात्र झकास दिसलं. “हे बघ, रक्तासारखं वाटतंय!” म्हणत आदेशने ते पुनःपुन्हा जवळून घेतलं. भुताचं तोंड एकदाही दाखवलं नाही. आता आदेश आणि नम्रता लहानपणापासून रेनकोटातच वाढलेली. इरल्यावरून बाई ओळखतात हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

गावाने सिनेमा पाहिला आणि भूत कोण ते पहिल्या मिनिटाला ओळखलं.

सुरुवातीला थट्टाच होती. पोरं बाईजाच्या मागे “इरलेवाली आली रे” म्हणून ओरडत. शेजारची छोटी रोशनी तर मला पाहिलं की रडून आकाशपाताळ एक करायची. लावणीला आयांबरोबर येणारी मुलं बाईजाच्या बाजूला थांबेनात. मग त्यांच्या आया रांगेत जरा सरकून उभ्या राहू लागल्या. कुणी वाईट बोललं नाही, कुणी भांडलंही नाही. पण बाईजाच्या दोन्ही बाजूंना रांग तुटलेली असायची, आणि हाका मारणं तर बंदच झालं. एके दिवशी ती भाकरीच्या वेळी उठून घरी आली आणि पुन्हा सावडीला गेली नाही. मग सावडही तिच्या शेतात आली नाही. त्या वर्षी तिने एकटीने लावलं तेवढं लावलं. बाकीचं शेत तसंच राहिलं. मी तिच्या डोक्यावर होतो. तिच्या पाठीवर पाऊस पडू नये म्हणून मला विणलं होतं, आणि माझ्यामुळेच तिच्यावर ही वेळ आली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटे की वाटायचं, पानं गळून जावीत माझी.

तिकडे हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेत अनोळखी पोरं आदेशला गाठून विचारत होती, “दादा, दुसरा भाग कधी?” त्याची छाती फुगली. पुढच्या पावसाळ्यात स्वारी पुन्हा बाईजाच्या दारात हजर!

“काकी, इरलं पायजे. दुसरा पार्ट करतोय.”

बाईजाने मला खुंटीवरून काढलं. “देते,” ती म्हणाली. “पन या टायमाला आत मीच असनार. दुसऱ्या कुनाला घालू देनार नाय.”

आदेशला काय, खऱ्या बाईची चालण्याची ढब आयती मिळाली. नम्रताने एक युक्ती काढली. या वेळी भूत बाहेरून दाखवायचं नाही, भुताला काय दिसतं ते दाखवायचं. तिने माझ्या आत, बाईजाच्या कपाळापाशी मोबाइल बांधला.

“काकी, घरापासून वडापर्यंत चाला. बस. आमी वडाखाली थांबतो,” ती म्हणाली.

बाईजा चालू लागली. ओट्यावर सागरगोटे खेळणारी रोशनी ते तिथेच टाकून आत पळाली. आदेशची आई मैना दारात भांडी घासत होती. तिने आम्हांला पाहिलं, भांडी तशीच ठेवली, आत गेली आणि दार ओढून घेतलं. ओढ्यावरच्या साकवावर बसलेली पोरं ओरडली, “इरलेवाली आली रे!” चिखलाचा एक गोळा येऊन माझ्या ठिगळावर आदळला. बाईजा थांबली नाही, वळली नाही, नुसता तिचा श्वास मोठा झाला.

वडाखाली पोचल्यावर ती म्हणाली, “झालं? बरोबर आलं का?”

दोघांनी मोबाइल पाहिला. आदेशने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्याने कुणालाच काही करायला सांगितलं नव्हतं.

“काकी, हे रोजचं हाय?” नम्रताने हळूच विचारलं.

“पावसाचं रोज. उन्हाळ्यात इरलं नसतं ना डोक्यावर, तवा कमी,” बाईजा म्हणाली आणि घरी निघून गेली. आपलं चालणं झालं म्हणून मला सिनेमासाठी ठेवून गेली.

त्या दोघांनी ठरवलेली गोष्ट फेकून दिली. नव्या सिनेमात कुणी नाहीसं होत नाही. एक बाई, जी दिसत नाही, नुसता नम्रताचा आवाज, दारोदार फक्त एवढंच विचारत जाते, “माझ्या शेतावर लावणीला येता का?” आणि दारं मिटत जातात. मधोमध बाईजाचं ते चालणं जसंच्या तसं ठेवलं. लावणी ऐन भरात असताना एका संध्याकाळी शाळेच्या पडवीत चादर बांधून त्यांनी तो गावाला दाखवला. मला चादरीशेजारी शोभेला टांगलं होतं. बाईजा आली नव्हती.

आधी शिट्ट्या झाल्या. ते चालणं सुरू झालं तशा शिट्ट्या थांबल्या. मैनाने स्वतःला दार ओढताना पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. त्या पडवीत माणसं खरोखर घाबरली होती आणि या वेळी मला नाही. संपल्यावर जो तो म्हणाला, “पयल्यापेक्षा लय भारी झालाय!” मोबाइलवर तर कौतुकाचा नुसता पाऊस. पहिला भाग पोरखेळ होता, सिनेमा असावा तर असा, वगैरे वगैरे.

आणि बाईजाकडे कुणी गेलं नाही. एवढी शरम घेऊन तिच्या दारात कोण जाणार! जो तो दुसऱ्याची वाट पाहत राहिला. मी आदेशच्या घरात, मानाने, टीव्हीच्या वर टांगलेला. बाहेर धो धो पाऊस, आणि बाईजा डोक्यावर खताची गोणी घेऊन एकटी शेतात. तिच्या राबात वाढवलेली रोपं लावणीवाचून पिवळी पडू लागल्याचं मैनाच्याच तोंडून ऐकलं. कौतुक ऐकत त्या भिंतीवर राहणं हे भूत होण्यापेक्षा वाईट होतं, मित्रांनो.

एका सकाळी आदेश दुकानात गेला नाही. त्याने मला खाली काढलं आणि स्वतःच्या डोक्यावर घातलं.

“अरे, बायकांचं इरलं ते! लोक हसतील,” मैना म्हणाली.

“हसू दे.”

तो त्याच वाटेने निघाला. साकवावरची पोरं ओरडली, “इरलेवाली आली रे!” चिखलाचा गोळा आला. माझ्याखाली त्याने तोंड उघडलं, ‘अरे मी आदेश’ असं सांगायला. मग मिटलं. मान खाली घालून तो चालत राहिला. तोवर मला आदेशची लाज वाटायची, तिथे ती पहिल्यांदा वाटेनाशी झाली.

बाईजा शेतात एकटीच रोपं लावत होती. तिने वर पाहिलं.

“वाकडं घातलंस रे,” ती म्हणाली.

“काकी, चुकलं माझं. तुमाला न सांगता तुमालाच भूत केलं.” तो चिखलात उतरला. “पिच्चर सगळ्यांना आवडला. मला वाटलं, आता सगळं नीट होईल.”

“पिच्चर बरा असंल तुजा. त्यानं भात लागत नाय.” तिने त्याच्या डोक्यावरचं मला काढलं, नीट करून आपल्या डोक्यावर घेतलं, आणि रोपांची मूठ त्याच्या हातात दिली. तो लावायला लागला. कसं लावत होता ते विचारू नका.

थोड्या वेळाने बांधावर मैना आली. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी. कुणाचा पाय शेतात उतरेना. मैना नुसती उभी, पावसात भिजत, पदराचं टोक चुरगाळत. बाईजाने मान वर केली नाही. वाकल्या वाकल्या ती एका बाजूला सरकली. रांगेत एका माणसाची जागा झाली.

मैना उतरली.

मी अजून ठिगळाकडे पाहत नाही. दुसरा भाग कितीही चांगला झाला, तरी पहिला भागही मोबाइलवर आहेच, आणि कुठल्याशा गावात आजही एखादं पोर तो पाहून हसत असेल. म्हणून माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाच्या डोक्यावरचं इरलं मागून न्याल, तेव्हा दारातून निघण्याआधी एकदा मागे वळून बघा. पाऊस आता कुणाच्या अंगावर पडतो आहे?