एका दमात ओढायची तार

मित्रांनो, मी तार ओढायचा एक जुना बाक. तुतीच्या लाकडाचा, कोकंद शहरातल्या एका अंगणात उभा असलेला. माझ्या एका टोकाला भोकं पाडलेली पोलादी पट्टी, दुसऱ्या टोकाला चरखी. सळईचं निमुळतं टोक भोकातून चिमट्यात धरायचं, चरखी फिरवायची, की पलीकडून बारीक तार निघते. पंचेचाळीस वर्षं मी हेच केलं. लोक माझ्या धन्याची, उस्ता म्हणजे उस्ताद तुरसुनबॉय यांची, वाहवा करत, माझी नाही.

उस्ता कारागीर अव्वल, पण भारी उतावळे. त्यांच्या धाकट्या लेकीचं, नासिबाचं, लग्न होतं. आपल्या आईचं झिजलेलं चांदीचं कडं वितळवून त्याच चांदीचं पिळाचं कडं तिला घालायचं, असा त्यांचा हट्ट. आणि हे सुचलं कधी? लग्नाच्या दिवशी सकाळी! दुपारी वऱ्हाड येणार होतं.

"चार मिलिमीटरची सळई, दोनच्या भोकातून. एका दमात!" उस्ता म्हणाले.

त्यांची सून ओयदिन कारखान्यात इंजिनिअर होती. तिनं पिठाच्या हातांनीच पाटीवर आकडे मांडले. "बाबा, याला दीडशे किलोचा जोर लागेल."

"मग शेजारचे दोघे पहिलवान बोलावतो."

"जोर कमी नाही पडत हो! तो सगळा जोर बाहेर आलेल्या बारीक तारेनं पेलायचा ना? ती शंभरालाच तुटेल."

"मग चार पहिलवान!"

"मग आणखी लवकर तुटेल."

पहिलवान दोनच आले, तेवढे पुरले. त्यांनी चरखी फिरवली, मी करकरलो, आणि ताड! तार तुटली. एक पहिलवान खरबुजांच्या ढिगात, दुसरा उस्तांच्या मांडीवर.

तेवढ्यात दारात वऱ्हाडाचे कर्णे वाजले. उस्तांच्या बायकोनं, म्हणजे ओयदिनच्या सासूबाईंनी, व्याह्यांना ओट्यावर बसवून चहावर चहा पाजला. आत चांदी पुन्हा वितळली, पुन्हा सळई झाली. या वेळी ओयदिननं पाच भोकं निवडली, प्रत्येक आधीच्याहून जराशी बारीक. प्रत्येक ओढीनंतर तार तापवून मऊ केली. चरखी तिनं एकटीनंच फिरवली. माझ्या अंगाला नुसता कंप सुटला, आणि तार रेशमासारखी आली.

उस्तांनी ती पिळून, सांधून केलेलं कडं नासिबाच्या मनगटावर चढलं तेव्हा ते अजून कोमट होतं. उस्तांचे डोळे भरून आले. मग हळूच सुनेला म्हणाले, "पंचेचाळीस वर्षांत माझ्या किती तारा तुटल्या, तेही काढलंस का गं?"

"मी नाही, बाबा. सासूबाईंनी मोजल्यात."

आता विजेचं यंत्र आलंय. माझ्यावर कोंबड्या बसतात. मित्रांनो, तुमच्याकडे असा एखादा बाक असेल तर त्याच्या चरखीला तेल घाला, पट्टीचा गंज पुसा. आणि ओढण्याआधी, पलीकडून येणाऱ्या त्या बारीक तारेला किती सोसेल, तेवढं एकदा विचारून घ्या.